पदवीनंतर तंत्रज्ञान-विक्रीतील पहिली नोकरी : काय पाहून निवडावी?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रोग्रामिंग मला जमते, तरी माझा ओढा माणसांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेण्याकडे अधिक आहे, म्हणून मी तंत्रज्ञान कंपन्यांच्या विक्री विभागांत अर्ज केले. सध्या हातात दोन प्रस्ताव आहेत. पहिला एका मोठ्या क्लाउड सेवा कंपनीत सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एसडीआर, या पदाचा आहे. दुसरा एका लहान सॉफ्टवेअर कंपनीच्या प्री-सेल्स, म्हणजे विक्रीची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या, विभागात साहाय्यकाचा आहे. पहिल्यात एकूण वेतनाचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला बराच भाग उद्दिष्टावर अवलंबून आहे. दुसऱ्यात जवळपास सगळे वेतन निश्चित आहे.

विक्रीत गेल्यावर तांत्रिक पदवीचा उपयोग राहतो का, उद्दिष्टाशी बांधलेले वेतन नेमके कसे वाचायचे, आणि फारशी बोलकी नसलेली व्यक्ती या क्षेत्रात टिकते का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

जुनीपायवाट

प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षे व्यावसायिक ग्राहकांना सॉफ्टवेअर विकत आलो आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेतो.

आधी या पदांची रचना पाहू, कारण ती कळल्याशिवाय दोन्ही प्रस्तावांची तुलना करता येणार नाही. विक्री ही पद्धतशीरपणे शिकवण्याची गोष्ट आहे, हा विचार जुना आहे. जॉन पॅटरसन यांच्या एनसीआर या रोकडयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने १८९३ मध्ये विक्रेत्यांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू केली. अशा शाळांपैकी ती अगदी सुरुवातीची. तिथे घडलेले थॉमस वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेले, तिलाच १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळाले. याच आयबीएमने १९६९ मध्ये सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावण्याचा निर्णय जाहीर केला आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकायची वस्तू म्हणून उभी राहायला मोठा हातभार लागला. पुढची कित्येक वर्षे परवाना विकायचा आणि मोठी रक्कम सुरुवातीलाच घ्यायची, अशी रीत होती. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी वर्गणीची पद्धत रुजवली आणि हिशेब बदलला. ग्राहक दरवर्षी किंवा दरमहा पैसे देतो आणि समाधान झाले नाही तर मुदत संपताच निघून जातो. त्यामुळे विक्री करारावरील सहीपाशी संपत नाही. वापर सुरू होणे, तो वाढणे आणि नूतनीकरण होणे, हे सगळे तिचाच भाग झाले.

या बदलाबरोबर कामाचे तुकडे पडले. एसडीआर संभाव्य ग्राहक शोधतो, त्यांच्याशी पहिला संपर्क साधतो आणि योग्य वाटल्यास बैठक ठरवून देतो. अकाउंट एक्झिक्युटिव्ह तिथून पुढे व्यवहार हाताळून करारापर्यंत नेतो. प्री-सेल्सची मंडळी तांत्रिक बाजू सांभाळतात, म्हणजे डेमो, चाचणी, सुरक्षाविषयक प्रश्नावल्यांची उत्तरे. करारानंतर कस्टमर सक्सेसचे लोक ग्राहकाला सांभाळतात. ही विभागणी कार्यक्षम असली, तरी नवख्या माणसासाठी तिच्यात एक मोठा धोका आहे: तो आपल्या तुकड्यातच राहतो आणि पूर्ण व्यवहार कसा घडतो हे त्याला कधी दिसतच नाही. बैठक ठरवून दिल्यावर त्या ग्राहकाचे पुढे काय झाले, तो का थांबला, कोणी नकार दिला, हे ज्याला कळत नाही, तो वर्षभर फोन करूनही विक्री शिकत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, पहिली नोकरी कंपनीच्या नावावरून किंवा वेतनाच्या आकड्यावरून निवडू नये; पूर्ण व्यवहार जवळून पाहण्याची संधी कुठे अधिक आहे, यावरून निवडावी. दोन्ही ठिकाणी थेट विचारा: मी ठरवलेल्या बैठकीला मला स्वतः बसता येईल का? पुढच्या बैठकांच्या नोंदी मला वाचता येतील का? हरलेल्या व्यवहारांचा आढावा होतो का, आणि त्यात कनिष्ठांना बसू देतात का?

विक्रीलेखा

मी विक्रेत्यांचे इन्सेंटिव्ह काढणाऱ्या विभागात काम करते, त्यामुळे वेतनाबद्दल लिहिते.

तुम्हाला जो मोठा आकडा दिसतो आहे तो बहुधा ओटीई असणार, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाल्यास मिळणारे एकूण वेतन. ते १०० भाग माना. त्यातले निश्चित किती आणि बदलते किती, हे प्रमाण आधी पाहा. अकाउंट एक्झिक्युटिव्हसाठी ५०-५० हे प्रमाण सर्रास आढळते. एसडीआरसाठी निश्चित भाग सहसा अधिक असतो, ६० किंवा ७० पर्यंत. तुमचा महिन्याचा खर्च निव्वळ निश्चित भागात बसला पाहिजे. बदलता भाग मिळणारच आहे असे धरून घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता ठरवू नये, कारण पहिले काही महिने तुम्ही शिकत असता आणि त्या काळात पूर्ण उद्दिष्ट गाठणे बहुतेकांना शक्य होत नाही. या काळाला रॅम्प म्हणतात. रॅम्पमध्ये उद्दिष्ट कमी ठेवले आहे का, आणि बदलत्या भागाची काही रक्कम त्या काळात हमखास मिळते का, हे विचारा. काही ठिकाणी अशी रक्कम आगाऊ म्हणून दिली जाते आणि पुढच्या कमाईतून वळती होते. ती परत करावी लागते की नाही, हा फरक कागदावर स्पष्ट असला पाहिजे.

त्यानंतर उद्दिष्टाची व्याख्या पाहा, कारण खरी मेख इथे असते. समजा, महिन्याला १२ बैठका असे उद्दिष्ट आहे. बैठक ठरली की ती मोजली जाते, का प्रत्यक्ष झाली की, का अकाउंट एक्झिक्युटिव्हने 'हा ग्राहक पुढे नेण्याजोगा आहे' असे नोंदवल्यावरच? या तीन व्याख्यांनुसार एकाच महिन्याच्या कामाचे मोजमाप १४, १० किंवा ६ असे निघू शकते. तिसरी व्याख्या वाईट नाही, उलट तिने कामाचा दर्जा राखला जातो. पण मग स्वीकारण्याचे निकष लिखित हवेत आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदवले गेले पाहिजे. नाहीतर तुमची कमाई दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

आणखी काही बारकावे थोडक्यात सांगते. उद्दिष्टापलीकडच्या कामाला वाढीव दर मिळतो का, कमाईवर वरची मर्यादा आहे का, आणि ग्राहकाने करार मोडल्यास दिलेले कमिशन परत घेतले जाते का, हे इन्सेंटिव्हच्या नियमपत्रकात असते. प्रस्तावासोबत ते पत्रक मागण्यात कोणताही आगाऊपणा नाही. आणि मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या वर्षी या संघातील किती जणांनी उद्दिष्ट पूर्ण केले? उत्तर 'बहुतेकांनी' असे मोघम आले, तर एकूण किती जण होते आणि त्यांपैकी किती, असे पुन्हा विचारा. संघातील फारच थोड्यांना ते गाठता येत असेल, तर ओटीईचा आकडा तुमच्यासाठी कागदापुरताच आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. नियमपत्रक मागता येते हे मला माहीत नव्हते, आजच मागते. बोलकेपणाबद्दल मात्र मनात शंका कायम आहे. महाविद्यालयात विक्रीविषयी जे कानावर पडले, त्यात प्रभावी बोलणे हाच मुख्य गुण मानला जात होता.

शोधयात्री

मी प्री-सेल्समध्ये आहे आणि माझा अनुभव नेमका उलट सांगतो. पहिल्या चर्चेत विक्रेत्यापेक्षा ग्राहक अधिक बोलला, तर ती चर्चा सहसा चांगली झालेली असते. ग्राहक काय मागतो आहे आणि त्याला प्रत्यक्षात काय हवे आहे यांत पुष्कळदा अंतर असते आणि ते प्रश्न विचारूनच भरून निघते.

एक काल्पनिक, पण रोजच्या कामातले उदाहरण देतो. गोदामे चालवणाऱ्या एका कंपनीच्या व्यवस्थापकांनी 'आम्हाला साठ्याचे अहवाल देणारे सॉफ्टवेअर हवे आहे' असे कळवले. उतावीळ विक्रेता इथेच अहवालांचे पडदे दाखवू लागतो. त्याऐवजी संवाद असा होऊ शकतो.

'सध्या हे अहवाल कोण तयार करते?'

'आमचे लेखनिक, दर सोमवारी, एक्सेलमध्ये.'

'ते कोणासाठी असतात, आणि वाचल्यावर ती व्यक्ती काय ठरवते?'

'खरेदी विभागासाठी. काय मागवायचे ते त्यावरून ठरते.'

'अहवाल चुकीचा निघाला, असे अलीकडे कधी झाले?'

'गेल्याच महिन्यात. माल गोदामात असूनही पुन्हा मागवला गेला.'

'असे का झाले असावे?'

'खरेदीवाले एक सांकेतांक वापरतात आणि गोदामवाले दुसरा. जुळवणी हाताने होते.'

'अशी दुबार खरेदी झाली की त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागतो?'

'आमच्या वित्तप्रमुखांना.'

या पाच प्रश्नांनी विषयच बदलला. मूळ अडचण अहवालांची नसून सांकेतांकांच्या मेळाची आहे, नुकसान पैशांत मोजता येण्याजोगे आहे, आणि निर्णय घेताना वित्तप्रमुख महत्त्वाचे ठरणार आहेत. आता डेमोमध्ये अहवालांचे वीस पडदे दाखवण्याऐवजी दोन सांकेतांक एका वस्तूशी कसे जोडले जातात, एवढेच नीट दाखवले तरी पुरते. यात वक्तृत्व कुठेही लागले नाही. लागली ती उत्सुकता, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहण्याची सवय.

हीच माहिती शिस्तीने गोळा व्हावी म्हणून काही सूत्रे प्रचलित आहेत. आयबीएमशी जोडले जाणारे 'बँट' हे सूत्र तरतूद, अधिकार, गरज आणि वेळ यांची चौकशी करायला सांगते. पीटीसी या कंपनीत १९९० च्या दशकात घडलेले 'मेडिक' अधिक खोलात जाते: लाभ कशात मोजायचा, पैशांचा अंतिम निर्णय कोणाचा, निवडीचे निकष कोणते, निर्णयाची प्रक्रिया कशी, नेमके कुठे दुखते आहे, आणि आतून आपली बाजू मांडणारे कोण आहे. ही सूत्रे पाठ करून ग्राहकाची उलटतपासणी घ्यायची नसते. चर्चा संपल्यावर आपल्या नोंदी वाचताना कोणता रकाना रिकामा राहिला, हे पाहण्यासाठी ती वापरावीत.

पदवीबद्दलही सांगतो. तुमची संगणकशास्त्राची पदवी वाया जाणार नाही. एपीआय म्हणजे काय, माहिती कुठे साठवली जाते, दोन प्रणाली जोडताना अडचण कुठे येते, हे ज्याला कळते, त्याचे प्रश्न नेमके असतात आणि ग्राहकाकडच्या अभियंत्यांचा विश्वास त्याला लवकर मिळतो. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो, तर प्री-सेल्सची जागा घेतली असती. मात्र नवपदवीधराला या विभागात कधीकधी केवळ सादरीकरणाच्या फायली सजवण्याचे आणि ठरलेला डेमो पुन्हा पुन्हा करून दाखवण्याचे काम मिळते. ग्राहकासमोर बसून प्रश्न विचारायला पहिल्या सहा महिन्यांत मिळेल का, एवढे विचारून घ्या.

जुनीपायवाट

शोधयात्री यांचा संवाद उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. प्री-सेल्समध्ये ग्राहक तुमच्याकडे येतो तेव्हा तो बोलायला तयार झालेला असतो. अनोळखी माणसाला कामाच्या वेळात फोन करून, त्याने अर्ध्या मिनिटात नकार दिल्यावर, पुढच्या माणसाला तितक्याच आदराने फोन करणे ही वेगळी शिस्त आहे आणि ती वयाच्या विशीत लवकर अंगवळणी पडते. किंमत सांगून शांत राहणे, सही कधी होणार हे स्पष्ट विचारणे, हेही प्री-सेल्सवाल्यांच्या वाट्याला क्वचितच येते. तांत्रिक खुर्चीतून थेट विक्रीत आलेले माझे काही हुशार सहकारी ग्राहकाच्या प्रत्येक शंकेचे निरसन करत. पण व्यवहार पुढे सरकावण्याची वेळ आली की अडखळत.

शोधयात्री

ही अडचण खरी आहे आणि मी ती पाहिली आहे. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. एसडीआर म्हणून दोन वर्षे काढलेली आणि आपण काय विकतो हे स्वतःच्या शब्दांत सांगू न शकणारी माणसेही मला भेटतात, कारण त्यांना उत्पादन उघडून पाहायला कोणी सांगितलेलेच नसते. तेव्हा पदाच्या नावापेक्षा वरिष्ठ कसा आहे, यावर अधिक भिस्त ठेवावी. जो आठवड्यातून एकदा तुमच्या एखाद्या कॉलची ध्वनिमुद्रित फीत तुमच्यासोबत ऐकतो आणि 'इथे तू त्यांना मध्येच तोडलेस' असे दाखवून देतो, असा वरिष्ठ दोन्हीपैकी ज्या ठिकाणी असेल तिथे जा.

उंबरठा (धागाकर्ता)

आणखी एक चिंता आहे. एसडीआरचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ताच करेल, असे वारंवार वाचनात येते. अशा पदावर सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

अक्षरवाट

मी एसडीआर संघ सांभाळते. पत्ते गोळा करणे, ईमेलचे मसुदे लिहिणे, कॉलचा सारांश काढणे आणि सीआरएम भरणे ही कामे यंत्राकडे झपाट्याने चालली आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्याचा परिणाम मात्र अनेकांना वाटतो त्याच्या उलट दिशेनेही होतो आहे. ईमेल लिहिणे फुकट झाल्याने सगळ्यांच्या पेट्या भरून वाहतात आणि सरसकट पाठवलेले संदेश कोणी उघडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर संदेश पाठवणाऱ्याला आपल्या डोमेनची प्रमाणित ओळख द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. म्हणजे हजारातल्या तिघांनी तक्रार केली, तरी कंपनीचे इतर संदेशही स्पॅममध्ये जाण्याची वेळ येऊ शकते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे कोणाची माहिती कशाच्या आधारे वापरली, याचेही उत्तर द्यावे लागते.

अशा परिस्थितीत जे उपयोगी पडते ते हे: 'आमचे उत्पादन आपली कार्यक्षमता वाढवेल' हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून ते कोणालाच पोचत नाही. त्याऐवजी, 'आपण या महिन्यात दोन नव्या गोदामांसाठी भरती सुरू केल्याचे आपल्या संकेतस्थळावर दिसले. नवे गोदाम जोडताना वस्तूंच्या सांकेतांकांचा मेळ घालण्याचे काम आपल्याकडे कोण पाहते?' हा संदेश एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी थोडा अभ्यास करून लिहिलेला आहे. मसुद्याला यंत्राची मदत जरूर घ्यावी. पण कोणाला, का आणि आत्ताच का लिहायचे, हा विचार तुमचा असला पाहिजे. निव्वळ संख्येवर चालणाऱ्या संघात जाऊ नका, कारण तिथले काम खरोखरच आक्रसते आहे. दिवसाला किती ईमेल आणि किती फोन एवढेच जिथे मोजतात, त्या संघाची ओळख मुलाखतीतच पटते.

मुलाखतीत बहुधा तुमच्याकडून एक लुटुपुटीचा कॉल करून घेतील. तिथे अस्खलितपणा कोणी पाहत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर दिलेली सूचना दुसऱ्या प्रयत्नात तुम्ही अमलात आणता का, हे मी तरी पाहते.

विक्रीलेखा

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, म्हणून पुन्हा येते. तिमाहीच्या अखेरीस व्यवहार पूर्ण करण्याचा दबाव असतो आणि तेव्हा 'हे वैशिष्ट्य पुढच्या आवृत्तीत येईल, लिहून देतो' असे म्हणण्याचा मोह होतो. करारात नसलेले, पण ईमेलवर दिलेले असे आश्वासन ही गंभीर बाब आहे. २०१८ पासून लागू असलेल्या आयएफआरएस १५ या लेखामानकानुसार ग्राहकाला काय काय देण्याचे कबूल केले आहे, यावर महसूल कधी नोंदवायचा हे अवलंबून असते. त्यामुळे विक्रेत्याच्या एका ओळीने कंपनीच्या हिशेबावर परिणाम होऊ शकतो आणि त्याची नोकरीही जाऊ शकते. कनिष्ठ असताना वरिष्ठाने अशी ओळ लिहायला सांगितली, तरी कायदा विभागाला विचारल्याशिवाय ती लिहू नका. ग्राहकाला 'हे आज उपलब्ध नाही' असे सांगितल्याने एखादा व्यवहार जाईल. पण तोच ग्राहक तुमच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवेल, आणि वर्गणीच्या धंद्यात तो दरवर्षी पुन्हा निर्णय घेणार असतो.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचनांप्रमाणे दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारले. मोठ्या कंपनीने नियमपत्रक पाठवले. रॅम्प चार महिन्यांचा आहे, अकाउंट एक्झिक्युटिव्हने स्वीकारलेलीच बैठक मोजली जाते आणि स्वीकारण्याचे निकष लिखित आहेत. ठरवलेल्या बैठकीला बसू देतात. दर आठवड्याला कॉल ऐकण्याचे सत्र असते आणि ते मला एकदा पाहूही देणार आहेत. लहान कंपनीत वरिष्ठ आपुलकीने बोलले, परंतु पहिले वर्ष सादरीकरणे आणि प्रश्नावल्या यांवरच जाईल, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. मी मोठ्या कंपनीकडे झुकते आहे. एसडीआरवरून पुढे कधी जाता येते, या प्रश्नाला मात्र 'साधारण दीड वर्षात, कामगिरीनुसार' एवढेच उत्तर मिळाले.

जुनीपायवाट

निवड योग्य दिशेने चालली आहे. लहान कंपनीतील वरिष्ठांनी खरे सांगितले, त्यांच्याशी संपर्क ठेवा. अनुभव गाठीशी आल्यावर तीच जागा वेगळ्या स्वरूपात मिळू शकते.

राहिला बढतीचा प्रश्न. 'कामगिरीनुसार' या उत्तरावर थांबू नका. तुमच्या होणाऱ्या वरिष्ठांना ईमेल करून तीन गोष्टी विचारा: किती महिने सलग उद्दिष्ट पूर्ण केल्यावर विचार होतो, गेल्या वर्षभरात या संघातून किती जण अकाउंट एक्झिक्युटिव्ह झाले, आणि संघातच जागा नसेल तर प्री-सेल्समध्ये बदली मागता येते का. तिसरा प्रश्न तुमच्या पदवीमुळे तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. उत्तर लिखित आले की ते जपून ठेवा, आणि सहा महिन्यांनी होणाऱ्या आढाव्यात तेच समोर ठेवून बोला.

शोधयात्री

कॉल ऐकण्याच्या सत्राला बसाल तेव्हा कोण किती वेळ बोलतो, याकडे लक्ष द्या. वरिष्ठच सगळा वेळ बोलत असतील आणि कॉल करणाऱ्याला स्वतःच्या कॉलबद्दल काय वाटले हे कोणी विचारतच नसेल, तर सही करण्याआधी त्या संघातील एखाद्या एसडीआरशी एकटीने बोलू देण्याची विनंती करा.